जुन्या घरातले न्हाणीघर : भिंतीच्या आणि जमिनीच्या टाइल्सची मांडणी कशी ठरवावी



दिवाळी आटोपली की आपल्या लष्करातल्या घराघरांतून दुरुस्तीची कामे निघतात, आणि त्यांत सर्वांत आधी नंबर लागतो तो बाथरूमचा. टाइल्स कुठल्या घ्याव्यात यावर घरात महिनाभर चर्चा होते. त्या बसवायच्या कशा, पहिली टाइल कुठे लावायची, कापलेले तुकडे कुठे जातील, हे मात्र मिस्त्री आल्यावर दहा मिनिटांत ठरते. खरे तर दुकानात जाण्याआधी कागदावर ठरवायची गोष्ट हीच आहे. टोपी बाजार, सराफा, दौलतगंज या भागांतली आपली जुनी घरे डोळ्यासमोर ठेवून ही माहिती एकत्र केली आहे. नव्या कॉलनीतल्या फ्लॅटलाही ती लागू पडेल.

जुन्या घराचा प्रश्न वेगळा का

१८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांची छावणी ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली स्थिरावली आणि तिचेच पुढे लष्कर शहर झाले. दगड, विटा आणि चुन्याच्या जाड भिंती, वर दगडी पट्ट्यांचे छत, अशी इथल्या जुन्या घरांची बांधणी. अंघोळीची मोरी खाली, चौकाच्या कडेला असायची. वरच्या मजल्यावरच्या बाथरूम बहुधा नळ आल्यानंतर कोपऱ्यातली एखादी खोली अडवून केलेल्या आहेत. त्यामुळे तीन अडचणी जवळजवळ प्रत्येक घरात भेटतात.

पहिली, कोपरे काटकोनात नसतात. समोरासमोरच्या भिंतींत इंचभर फरक सहज असतो.

दुसरी, जमीन पाण्यासाठी केलेली नसते. नव्या इमारतीत बाथरूमखालचा स्लॅब मुद्दाम खाली घेतलेला असतो, म्हणजे पाइप आणि ढाळ त्यात बसतात. दगडी पट्ट्यांवर ती सोय नाही. ढाळ द्यायचा तर जमीन उचलावी लागते.

तिसरी अडचण बाजारातल्या घरांची. खाली दुकान आणि वर बिऱ्हाड अशी रचना असल्यामुळे वर झिरपलेले पाणी खाली दुसऱ्याच्या मालावर पडते. खालचा दुकानदार दोन पिढ्यांच्या ओळखीचा असला तरी छतातून थेंब पडू लागले की संबंधांत कडवटपणा यायला वेळ लागत नाही.

म्हणून मांडणी ठरवताना क्रम असा ठेवावा : आधी पाणी, मग पाय घसरण्याची जागा, मग दिसणे. सुदैवाने एकाच नकाशात तिन्ही ठरतात.

टाइल किती टिकते याचा दाखला आपल्या डोक्यावरच आहे. राजा मानसिंह तोमर (राज्यकाळ १४८६ ते १५१६) याने बांधलेल्या मानमंदिराच्या भिंतींवरच्या निळ्या पट्ट्या, पिवळ्या बदकांच्या रांगा, हत्ती आणि केळीची झाडे आजही ओळखू येतात. १५२८ मध्ये बाबर ग्वाल्हेरला आला तेव्हा त्यानेही हिरव्या टाइल्सच्या केळींची नोंद केली होती. पाचशे उन्हाळे सोसूनही त्या तुकड्यांची झिलई उतरलेली नाही. आपल्या बाथरूममध्येही टाइल सहसा झिजत नाही. बिघडतो तो तिच्या पाठीमागचा थर, सांधा आणि ढाळ.

पायरी १ : माप घेणे

जुना गिलावा उतरवण्याआधी एकदा आणि उतरवल्यानंतर पुन्हा एकदा माप घ्यावे. प्रत्येक भिंतीची लांबी तीन उंचींवर मोजा : जमिनीलगत, कमरेच्या उंचीवर आणि दाराच्या चौकटीच्या वर. तिन्ही मापे वेगळी आली तर घाबरू नका. सर्वांत लहान माप नकाशासाठी धरा आणि फरक बाजूला लिहून ठेवा.

काटकोन पाहण्यासाठी ३-४-५ ची जुनी रीत पुरते. कोपऱ्यापासून एका भिंतीवर ३ फुटांवर आणि दुसऱ्या भिंतीवर ४ फुटांवर खूण करा. दोन खुणांमधले अंतर बरोबर ५ फूट आले तर कोपरा काटकोनात आहे. पूर्ण खोलीसाठी दोन्ही कर्ण मोजा. ५ × ७ फुटांच्या खोलीत दोन्ही कर्ण ८ फूट सव्वासात इंच यायला हवेत. एक कर्ण मोठा आणि दुसरा लहान आला तर खोली तिरकी आहे.

भिंत उभ्या रेषेत सरळ आहे का ते ओळंब्याने पाहा. चुन्याचा जुना गिलावा बोटाने खरवडला तर भुकटी निघते का, कुठे लोणा लागला आहे का, हेही याच वेळी तपासा. लोणा लागलेल्या किंवा पोकळ वाजणाऱ्या गिलाव्यावर टाइल लावू नये. चिकटवणी कितीही चांगली असली तरी टाइल गिलाव्यासकट सुटते. ओलावा कुठून येतो ते आधी शोधावे लागेल.

पायरी २ : पाच चित्रे

शाळकरी मुलांच्या आलेखवहीचा कागद घ्या. एक चित्र जमिनीचे आणि चार भिंतींची चार, अशी पाच चित्रे काढा. १ फुटाला १ इंच हे प्रमाण सोयीचे. ज्या गोष्टी हलणार नाहीत त्या आधी दाखवा : दार, खिडकी, नहाणी ट्रॅप, सांडपाण्याचा उभा पाइप, कमोड, गीझर. मग हलवता येतील अशा वस्तू दाखवा : नळ, बेसिन, आरसा, आधाराची दांडी, कपडे टांगायच्या खुंट्या.

जाड भिंतीत जुना कोनाडा असेल तर बुजवू नका. साबण, तेल आणि उटणे ठेवायला त्याच्याइतकी चांगली जागा नाही, आणि बाहेर आलेल्या फळीचा कोपरा कोणाला लागत नाही. त्याची खालची कड टाइलच्या सांध्यावर येईल असे पाहा आणि तळाला बाहेरच्या बाजूला किंचित ढाळ द्या.

आता दारात उभे राहा. दार उघडल्यावर पहिली नजर ज्या भिंतीवर जाते ती मुख्य भिंत. तिच्यावरची मांडणी आधी ठरवा. दारामागची भिंत आणि कमोडच्या मागचा कोपरा सर्वांत शेवटी. तडजोड करायची तर तिथे.

पायरी ३ : फूट आणि टाइल यांचा हिशेब

बाजारात जिला ‘एक फुटाची’ टाइल म्हणतात ती ३०० मिमीची असते. खरा फूट ३०४.८ मिमीचा. हा जवळजवळ ५ मिमीचा फरक भिंतभर साठत जातो. मिस्त्री ‘सात फूट भिंत, सात टाइल’ असे सहज बोलून जातो, आणि शेवटी कोपऱ्यात बोटभर फट उरते.

उदाहरण घेऊ. खोली ५ × ७ फूट. शेजारच्या भिंतींवरच्या टाइल्सची आणि चिकटवणीची जाडी वजा जाऊन उरलेले हे निव्वळ माप आहे असे समजा. भिंतीची टाइल ३०० × ४५० मिमी, उभी लावायची. सांधा २ मिमी.

• ७ फूट म्हणजे २१३४ मिमी. एका कोपऱ्यातून सुरुवात केली तर ७ टाइल्स आणि त्यांचे सांधे मिळून २११४ मिमी होतात. उरतात २० मिमी. हा पाऊण इंचाचा तुकडा धड कापता येत नाही, नीट चिकटत नाही, आणि भिंत तिरकी असेल तर वर २० मिमी आणि खाली शून्य असा निमुळता होतो.

• त्याऐवजी ६ पूर्ण टाइल्स मधोमध घ्या. सांध्यांसह त्यांना १८१४ मिमी लागतात. उरलेले ३२० मिमी दोन्ही बाजूंना वाटा. प्रत्येक कोपऱ्यात १६० मिमीचा, म्हणजे अर्ध्याहून थोडा मोठा तुकडा येतो.

• ५ फुटांच्या म्हणजे १५२४ मिमीच्या भिंतीवरही तेच. ५ टाइल्स सरळ लावल्या तर १४ मिमी उरतात. ४ पूर्ण टाइल्स मधोमध घेतल्या तर दोन्ही बाजूंना १५७ मिमीचे तुकडे येतात.

जुन्या घरात या दुसऱ्या रीतीचा खरा फायदा पुढे दिसतो. समजा, खोली एका टोकाला ५ फूट आणि दुसऱ्या टोकाला एक इंच कमी आहे. दोन्ही बाजूंना मोठे तुकडे असतील तर जमिनीवर ते १५७ पासून १४४ मिमीपर्यंत बारीक होत जातात. सात फुटांच्या लांबीत एवढा फरक डोळ्याला जाणवत नाही. तोच तिरकेपणा १४ मिमीच्या पट्टीत आला असता तर ती पट्टी मध्येच संपली असती आणि खोली वाकडी आहे हे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला कळले असते. वाकडेपणा घालवता येत नसेल तर तो मोठ्या तुकड्यांत विभागून टाकायचा, हे या मांडणीचे मुख्य सूत्र.

नियम एवढाच लक्षात ठेवा : नजरेच्या भिंतीवर अर्ध्याहून लहान तुकडा नको, आणि कुठेही एक-तृतीयांशाहून लहान नको. मधोमध टाइल धरायची की सांधा, हे दोन्ही तऱ्हेने मांडून पाहा. ज्यात मोठे तुकडे येतील ती रीत घ्या.

गिलावा नव्याने होणार असेल तर आणखी एक वाट आहे. वरच्या उदाहरणात २० मिमी जादा उरत होते. समोरासमोरच्या भिंतींचा गिलावा प्रत्येकी १० मिमीने वाढवला आणि त्यातच भिंती काटकोनात घेतल्या, तर ७ पूर्ण टाइल्स तुकड्याशिवाय बसतात. जाड गिलावा मात्र एका थरात करू नये, दोन थरांत करावा. हे करायचे तर चित्र गिलाव्याआधी तयार हवे. टाइल्स घरात आल्यानंतर ही सोय उरत नाही.

पायरी ४ : उंची आणि खालची ओळ

दगडी पट्ट्यांचे छत क्वचितच एका पातळीत असते. टाइल्स छताला भिडवल्या तर वरची ओळ वेडीवाकडी दिसते. ७ फुटांवर, शक्यतो दाराच्या चौकटीच्या वरच्या रेषेशी जुळवून, टाइल थांबवावी आणि वर साधा रंग द्यावा.

४५० मिमीच्या टाइलच्या ४ पूर्ण ओळी सांध्यांसह १८०८ मिमी होतात. २१३४ मधून त्या वजा केल्या की ३२६ मिमी उरतात. हा तुकडा खाली घ्या. वरची कड पूर्ण टाइलची दिसेल आणि जमिनीचा ढाळ खालच्या कापलेल्या ओळीत सामावेल.

म्हणूनच भिंतीचे काम खालच्या ओळीपासून सुरू करू नये. पाणसळीने चारही भिंतींवर एक समपातळीची रेषा मारा, तिच्यावर लाकडी किंवा अॅल्युमिनियमची पट्टी ठोका आणि खालून दुसरी ओळ तिच्यावर टेकवून लावा. वरच्या ओळी, मग जमीन, आणि सर्वांत शेवटी खालची ओळ ढाळाप्रमाणे कापून. असे केले की भिंतीची टाइल जमिनीच्या टाइलवर उतरते आणि भिंतीवरून आलेले पाणी सांध्यात न शिरता पुढे जाते.

पायरी ५ : जमिनीचा ढाळ

मिस्त्रींचे माप सुतात चालते. ८ सूत म्हणजे १ इंच. ढाळ त्यांच्याशी सुतातच बोलावा.

अंघोळीच्या भागात ६० ला १ आणि कोरड्या भागात १०० ला १ हा ढाळ व्यवहारात चांगला पडतो. ७ फुटांची खोली असून दार एका टोकाला आणि अंघोळीची जागा दुसऱ्या टोकाला असेल, तर निम्म्या लांबीत सुमारे ११ मिमी आणि उरलेल्या निम्म्यात सुमारे १८ मिमी, असे एकूण २९ मिमी होतात. म्हणजे दारापासून पाणी जाण्याच्या जागेपर्यंत ९ सूत. आपल्या उदाहरणात भिंतीची खालची ओळ दाराजवळ ३२६ मिमी आणि ट्रॅपकडे ३५५ मिमी होईल. टाइल ४५० ची असल्यामुळे यांतला प्रत्येक तुकडा एकेका टाइलमधून निघतो.

ढाळ शक्यतो एकाच दिशेला द्यावा. पाणी चारी बाजूंनी मधल्या जाळीकडे न्यायचे तर मोठ्या टाइल्सचे तिरके काप करावे लागतात आणि त्यांच्या कडा पायाला लागतात. ट्रॅप शेवटच्या भिंतीशी कोपऱ्यात असेल तर मोठा ढाळ सरळ त्या भिंतीकडे द्या आणि फक्त शेवटच्या ओळीत कोपऱ्याकडे थोडा तिरपा घ्या. भिंतीलगत लांबट जाळी बसवली तर तेही करावे लागत नाही. अंघोळीच्या भागाला ३०० × ३०० मिमी किंवा त्याहून लहान टाइल बरी. लहान टाइल ढाळाप्रमाणे वळते, आणि सांधे जास्त असल्यामुळे पायाला पकड मिळते.

भिंतीची आणि जमिनीची टाइल दोन्ही ३०० मिमी रुंदीच्या घेतल्या तर भिंतीचा उभा सांधा जमिनीवर तसाच पुढे जातो. हा मेळ जमला की साधी टाइलही नेटकी दिसते. तो जमवायचा नसेल तर जमिनीसाठी उघडपणे वेगळे माप घ्यावे. थोडक्यात हुकलेला सांधा सर्वांत वाईट दिसतो.

जमीन किती उचलावी

ढाळ आणि पाइप यांसाठी विटांच्या तुकड्यांचा ६ इंचांचा भराव घालणे ही नेहमीची पद्धत आहे. अशा भरावाचे वजन चौरस मीटरला सुमारे २७० किलो होते. ५ × ७ फुटांच्या बाथरूमला हा बोजा ९०० किलोच्या आसपास जातो, आणि तो पेलायचा असतो जुन्या दगडी पट्ट्यांनी. पट्ट्यांना चीर असेल, किंवा खालच्या दुकानात मधोमध आधार नसेल, तर भराव घालण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवावे. ट्रॅप उभ्या पाइपाच्या जवळ आणला तर भरावाची उंची बरीच कमी होते. म्हणजे अंघोळीची जागा कुठे, हा प्रश्न दिसण्याआधी वजनाचा आहे.

बाथरूमची जमीन बाहेरच्या खोलीपेक्षा अर्धा इंच खाली राहिली तर उत्तम. ती उचलावीच लागली आणि पायरी झाली, तर पायरीची कड वेगळ्या रंगाच्या टाइलने दाखवा. रात्री अर्धवट झोपेत उठणाऱ्या वडीलधाऱ्यांना तोच एक इशारा असतो.

घसरणे

आपल्याकडे अजूनही बादली-तांब्याने, पाटावर बसून अंघोळ करणारी मंडळी आहेत. नरकचतुर्दशीला तर घरातली सगळीच माणसे एकामागून एक तेल लावून त्याच जमिनीवर उभी राहतात. जमिनीला चकचकीत टाइल घेऊ नका. खोक्यावर घसरण-रोधाची श्रेणी ‘आर’ या अक्षराने लिहिलेली असते. ९ पासून १३ पर्यंत हे आकडे असतात, आकडा मोठा तितकी पकड जास्त. घरच्या बाथरूमला आर-१० किंवा आर-११ योग्य. त्याहून खरबरीत टाइलमध्ये तेल आणि साबण साचून उलट साफसफाई अवघड होते. श्रेणी लिहिलेली नसेल तर दुकानात टाइलवर पाणी ओतून चप्पल काढून उभे राहून पाहा. दुकानदार हसला तरी चालेल.

आधाराची दांडी नंतर लावू असे म्हणू नका. तिच्या जागा चित्रातच दाखवा : कमोडशेजारी, अंघोळीच्या जागी आणि दारातून आत येताना हात जाईल तिथे. उंची साधारण ३० ते ३६ इंच. पण ज्यांच्यासाठी लावायची त्या आजी-आजोबांना जागेवर उभे करून खूण केलेली सर्वांत बरी. त्या ठिकाणी गिलाव्यामागची भिंत भक्कम आहे ना, ते टाइल लागण्याआधीच कळते.

नळ आणि सांधे

प्लंबरचे काम टाइल्सच्या आधी होते, म्हणून चित्राची एक प्रत त्याला द्या. गरम-थंड पाण्याच्या मिक्सरच्या दोन तोंडांतले अंतर १५० मिमी असते. ते उभ्या सांध्याच्या दोन्ही बाजूंना ७५-७५ मिमीवर घेतले की दोन्ही छिद्रे सारखी येतात आणि टाइल तडकण्याची भीती कमी होते. नळाखाली आपली सर्वांत मोठी बादली मावते का, हे मोजून उंची ठरवा.

सांधा अगदी शून्य ठेवू नका. टाइल्सच्या मापात थोडा फरक असतो, आणि ४५ अंशांच्या उन्हाळ्यात व ५ अंशांच्या थंडीत भिंत थोडी हलते. भिंतीवर २ मिमी आणि जमिनीवर ३ मिमी सांधा ठेवावा. तो एकसारखा राहावा म्हणून प्लॅस्टिकचे स्पेसर वापरावेत. जमिनीचे सांधे एपॉक्सी ग्राउटने भरले तर पाणी शोषले जात नाही. पांढरे सिमेंट स्वस्त, पण अंघोळीच्या जागी ते लवकर काळे पडते. भिंत आणि जमीन मिळतात त्या कोपऱ्यात लवचिक सीलंट भरावे. ज्या घरी बोअरचे जड पाणी येते तिथे गडद चकचकीत टाइलवर पांढरे डाग उठून दिसतात. फिकट, थोडी मॅट टाइल तिथे सोयीची.

टाइल्स किती आणाव्यात

क्षेत्रफळ काढून १० टक्के जादा, हा दुकानदाराचा हिशेब. आपल्या उदाहरणात परिमिती २४ फूट आणि उंची ७ फूट, म्हणजे १६८ चौरस फूट. दाराचे १६ वजा केले की १५२, आणि १० टक्के धरून १६७ चौरस फूट. ६ नगांच्या खोक्याप्रमाणे २० खोकी, म्हणजे १२० टाइल्स होतात.

आता चित्रावर मोजा. मधोमध मांडणीत लांब भिंतीवर एका ओळीत ८ जागा, आखूड भिंतीवर ६, आणि ओळी ५. दोन लांब भिंती ८०, समोरची ३०, दाराची भिंत सुमारे २२. एकूण १३२. कारण ३०० मधून १६० चा तुकडा कापला की उरलेला १३८ चा दुसऱ्या कोपऱ्यात चालत नाही. तुटफूट ७ धरली तर १३९, म्हणजे २४ खोकी. दुकानदाराच्या हिशेबाने गेलो असतो तर चार खोकी कमी पडली असती.

जमिनीचेही तसेच : क्षेत्रफळाने ४० टाइल्स, चित्राने ४८ आणि वर दोन-तीन.

पुन्हा आणायला गेल्यावर त्याच रंगाची टाइल मिळेलच असे नाही. मोरबीहून आलेल्या दोन लॉटमध्ये छटा थोडी बदलते. सर्व खोक्यांवरचा बॅच आणि शेडचा क्रमांक एकच आहे ना, ते गाडीवर चढवण्याआधी पाहा. काम झाल्यावर चार-पाच टाइल्स माळ्यावर जपून ठेवा.

मोठ्या म्हणजे २ × ४ फुटांच्या टाइल्सचा मोह असेल तर आधी जिना मोजा. आपल्या अरुंद, वळणाच्या जिन्यातून त्या वर चढवताना कडा तुटतात. गल्लीत गाडी येत नाही, तेव्हा माल आणणे आणि राडारोडा नेणे ही दोन्ही कामे दुकाने उघडण्याआधी उरकावी लागतात. तेही मिस्त्रीशी आधीच ठरवा.

पाण्याची परीक्षा

पाणीरोधक थर झाला की टाइल लावण्याआधी ट्रॅपचे तोंड बंद करून दोन इंच पाणी ४८ तास भरून ठेवा. खालच्या दुकानदाराला आधी सांगा, माल थोडा सरकवायला सांगा, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर उभे राहून छत पाहा. हा थर भिंतींवरही फूटभर आणि अंघोळीच्या जागी पाच-सहा फूट वर चढवलेला हवा. परीक्षा न करता टाइल लावली आणि मग गळती निघाली तर सगळेच काम उखडावे लागते, आणि ते उखडेपर्यंत नुकसान शेजाऱ्याचे होते.

कामासाठी दिवाळीनंतर ते होळीपर्यंतचा काळ बरा. मे-जूनमध्ये चिकटवणी टाइल टेकवण्याआधीच वरून सुकते, म्हणून काम करायचेच तर सकाळी लवकर करावे. पावसाळ्यात जुन्या भिंती ओल्या असतात. तोडफोडीपासून सांधे भरेपर्यंत दोन ते तीन आठवडे धरा, आणि तेवढे दिवस अंघोळीची दुसरी सोय लावून ठेवा.

मिस्त्रीशी बोलताना

आपले बहुतेक कारागीर हिंदी बोलणारे. घरातल्या मोठ्यांचे मराठी शब्द त्यांना कळतीलच असे नाही, आणि नव्या पिढीला उलट. म्हणून ही छोटी यादी.

• ओळंबा : साहुल
• पाणसळ : लेवल
• गुण्या : गुनिया
• ढाळ : ढाल, ढलान
• गिलावा : पलस्तर
• माल : मसाला
• सांधे भरणे : दर्ज भरना
• पाणी मारणे : तराई
• लोणा : नोना
• राडारोडा : मलबा

काम सुरू होण्याआधीची शेवटची उजळणी

१. पाच चित्रे तयार आहेत आणि प्रत्येकी एक प्रत मिस्त्रीकडे व प्लंबरकडे आहे.
२. मुख्य भिंतीवर अर्ध्याहून लहान तुकडा नाही.
३. वरची ओळ पूर्ण, खालची कापलेली.
४. ढाळ सुतात लिहिलेला आहे आणि एकाच दिशेला आहे.
५. आधाराच्या दांड्यांच्या जागा ठरल्या आहेत.
६. खोक्यांचा बॅच क्रमांक एकच आहे.
७. पाण्याच्या परीक्षेची तारीख खालच्या दुकानदाराला सांगितली आहे.

पहिल्या दिवशी मिस्त्रीला मुख्य भिंतीची एक पूर्ण ओळ चिकटवणीशिवाय जमिनीवर मांडायला सांगा. घरातल्या सर्वांनी ती पाहावी. चूक असेल तर ती तिथेच दिसते, आणि दुरुस्त करायला काहीही खर्च येत नाही.